पवनेकाठची बंद कारखान्याची जमीन: तेलाच्या तपासाच्या नोंदी

८ एप्रिल २०२५

काम हातात आलं. जागा पिंपरी-चिंचवडमध्ये, पवना नदीपासून फार लांब नाही. साधारण चार एकर. इथे पूर्वी फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. शेड उतरवून भंगारात गेल्या. आता काँक्रीटचे पाये, चिमणीचा बुंधा आणि गाजरगवत एवढंच उरलंय. जमीन औद्योगिकमधून निवासी होणार आहे. इकडे सगळेच त्याला ‘आय टू आर’ म्हणतात. नियोजित इमारतींना दोन मजली तळघर, म्हणजे खोदाई थेट मुरमाच्याही खाली जाणार.

विकसकाच्या प्रतिनिधींनी पहिल्याच बैठकीत आधीचा एक अहवाल पुढे केला. ‘तेलाचा अंश आढळला नाही’ असा त्याचा निष्कर्ष. अहवाल दोनदा नीट वाचला. नमुने सप्टेंबरात घेतलेले. पाच ठिकाणी हात-दीड हात खोल खणलं, सगळी माती घमेल्यात एकत्र कालवली, त्यातली एक पिशवी भरून प्रयोगशाळेत दिली. तिथे तपासणी केली ती ‘ऑइल अँड ग्रीस’ची.

यातली एकेक गोष्ट निष्कर्षाच्या मुळावर येते. माती कालवली की हलके घटक हवेत उडून जातात. ऑइल अँड ग्रीसच्या जुन्या वजनी पद्धतीत द्रावक तापवून उडवतात, तेव्हा डिझेलमधला हलका भागही त्याच्याबरोबर जातो. हात-दीड हात खोलीवर बहुतेक नंतर टाकलेला भराव असतो. आणि सप्टेंबरात जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं, तेव्हा तेल भेगांत अडकून पाण्याखाली लपतं. या शेवटच्या मुद्द्यावरच माझा सगळा भर राहणार आहे. बैठकीत एवढंच म्हटलं की उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असं दोनदा पाहिल्याशिवाय मी या जमिनीबद्दल काही लिहून देणार नाही. वेळापत्रकावरून थोडी ओढाताण झाली, पण ऐकलं त्यांनी.

१५ एप्रिल

कागदपत्रांचा दिवस. उपग्रहाच्या जुन्या प्रतिमा, नगररचनेचा नकाशा आणि कारखान्याच्या फाइलमध्ये सापडलेला पेट्रोलियम साठवणीच्या परवान्याचा नकाशा. हे परवाने स्फोटक विभाग देतो. त्याचं मुख्यालय नागपूरला आहे, हल्ली त्याला पेसो म्हणतात. नकाशावर जमिनीखालच्या दोन टाक्या: एक फर्नेस ऑइलची, एक डिझेलची. दोन्ही बॉयलर हाऊसच्या मागे.

दुपारी या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या बॉयलरवाल्या काकांना घेऊन जागेवर गेलो. नकाशा समोर धरला तर काका म्हणाले, “हे खरंय पोरी, पण तिसरी टाकी कुठंय यात?”

तिसरी टाकी डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, शेडजवळ होती, डिझेलची. तेल किती उरलं हे बघायला तिच्यात मापाची सळई, डिप रॉड, सोडायचे. “सकाळी डिप रॉड टाकला की बोटभर तेल कमी भरायचं. रात्री कोणी चोरतंय म्हणून वॉचमनला बोल लावायचे. आणि पावसाळ्यात उलटंच. टाकीत पाणी यायचं, इंजिन खाड खाड करत बंद पडायचं. शेवटी ती टाकी सोडून दिली. वर कोबा घातला.”

काकांच्या या दोन वाक्यांत या जागेचा अर्धा अभ्यास आहे. उन्हाळ्यात तेल बाहेर आणि पावसाळ्यात पाणी आत, म्हणजे टाकीच्या तळाला भोक आणि भूजलाची पातळी दरवर्षी त्या तळाच्या वर-खाली होणारी. कोणत्याही यंत्राशिवाय मिळालेली माहिती.

त्यांनी आणखीही सांगितलं. पार्ट घासलेटनं धुवायचे, ते काळं पाणी शेडच्या मागच्या चरात. जळकं ऑइल अंगणात धूळ बसायला शिंपडायचे. कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणूनही तेच. नंतरच्या काळात डिग्रीजिंगला, म्हणजे पार्टवरचं ग्रीस काढायला, ‘ट्राय’ आलं. ट्राय म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. ते पेट्रोलियम नव्हे आणि पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड, त्यामुळे तेलासारखं पाण्यावर न तरंगता खाली कातळात उतरतं. तपासणीच्या यादीत ते आजच घातलं. यादी फक्त तेलाची ठेवली असती तर प्रयोगशाळेनं ट्रायकडे पाहिलंही नसतं.

फर्नेस ऑइलची मला तुलनेनं कमी काळजी आहे. ते इतकं घट्ट असतं की कारखान्यातही गरम केल्याशिवाय पंपानं खेचता येत नाही. जमिनीत सांडलं तर जवळपासच थिजून राहतं. डिझेल मात्र पातळ. भेग दिसली की चाललं.

२३ एप्रिल

जेसीबीनं चर मारले. जागा ठरवताना नुसते चौकोन आखले नाहीत. तिन्ही टाक्या, धुण्याचा चर, ट्रान्सफॉर्मरचा ओटा आणि टँकर उभा राहून तेल उतरवायचा तो कोपरा, असे संशयाचे मुद्दे आधी घेतले. मग मोकळ्या जागेतले.

वर भराव. त्याखाली काळी माती, आणि एप्रिलच्या उन्हानं तिला मनगट जाईल एवढ्या भेगा. ही माती ओली असताना पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, म्हणून अनेकजण तिला राखणदार समजतात. उन्हाळ्यात ती फाटते तेव्हा वर सांडलेलं सगळं थेट मुरमापर्यंत जायला वाट मोकळी असते. डीजी शेडजवळच्या चरात हे डोळ्यांनी दिसलं. भेगांच्या कडांना करडा-हिरवट पट्टा, मधली माती नेहमीसारखी काळी. पट्ट्यातली ढेप फोडली की डिझेलचा शिळा वास. मधली फोडली तर नुसता मातीचा.

वास घेऊन नमुना निवडायची पद्धत मी कामावर बंद केली आहे. इंधनातलं बेंझीन कर्करोगकारक आहे, त्यात हुंगण्यासारखं काही नाही. वास आपोआप आला तर नोंदवायचा, ढेप नाकाला लावायची नाही. मुलांना आज पुन्हा सांगितलं. त्याऐवजी माती झिपच्या पिशवीत अर्धी भरायची, थोडा वेळ उन्हात ठेवायची आणि पिशवीतल्या हवेत पीआयडीची, म्हणजे हवेतली इंधनाची वाफ मोजणाऱ्या यंत्राची, नळी घालायची. आमच्या यंत्रात १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा आहे, बेंझीन-टोल्युइनसाठी पुरेसा. डिझेल मात्र कमी उडतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत पीआयडी बेताचाच आकडा दाखवतो. म्हणून सोबत बरणीची चाचणी: मूठभर माती, स्वच्छ पाणी, झाकण लावून हलवायचं आणि वर तवंग येतो का पाहायचं. डीजी शेडजवळच्या मुरमाला आला. फर्नेस ऑइलच्या टाकीजवळ काळे चिकट गोळे वर आले, पण दोन मीटर पलीकडच्या चरात काहीच नाही. अपेक्षेप्रमाणेच.

तिसरी टाकी लागली. कोबा फोडल्यावर डिप पाइपचं तोंड दिसलं. आत वायू आहे की नाही हे मोजल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, कोणी बिडी ओढायची नाही, ग्राइंडर तर अजिबातच नको. तोंड झाकून भोवती पट्टी बांधली. टाकी काढायची ती रीतसर, नंतर.

६ मे

ड्रिलिंग. कंत्राटदार हवेच्या दाबानं चालणारी बोअरची गाडीच आणतो म्हणत होता. शेतात चालते तीच. काम झटपट होतं, हे खरं. पण तो दाब भेगांतलं तेल आजूबाजूला ढकलतो, हलके घटक उडवून लावतो, आणि वर येते ती नुसती भुकटी. भेग कुठे होती ते कळत नाही. म्हणून कोअर ड्रिलिंग, ज्यात खडकाचा सलग दांडा बाहेर येतो. त्याला पाणी लागतं, ते महापालिकेच्या नळाचं घेतलं आणि त्याच पाण्याची एक बाटली वेगळी तपासायला ठेवली. उद्या कोणी विचारलं की तेल तुमच्याच पाण्यातून आलं नाही कशावरून, तर उत्तर हाताशी हवं.

कोअर पेटीत मांडून बसले. वरचा मुरूम हाताला चुरतो. मग सछिद्र बेसॉल्ट, छिद्रांत झिओलाइटचे पांढरे खनिज खडे. मग घट्ट काळा कातळ, त्यात उभ्या-तिरक्या सांध्या, म्हणजे कातळातल्या भेगा. घट्ट तुकडा मधून फोडला तर आत काही नाही, कोरडा ठणठणीत. पण सांध्याची जी बाजू आपोआप उघडली होती तिथे बोट फिरवलं तर हातमोज्याला तपकिरी तेलकट डाग आला. पाच मीटरच्या खाली, टाकीपासून बऱ्याच अंतरावर. दख्खनच्या कातळात तेल कसं जातं हे पाहायचं असेल तर अशी एक सांध पुरे. दगडाच्या पोटात तेल नसतं, ते वाटेवर असतं. म्हणून इथे मातीच्या सरासरी आकड्याला फारसा अर्थ नाही. दोन फूट बाजूला बोअर मारला तर सगळं स्वच्छ निघू शकतं.

निरीक्षण विहिरी बांधल्या: पीव्हीसीचा पाइप, भोकांची जाळी, भोवती धुतलेली बारीक खडी, वर बेंटोनाइटचं (पाण्यानं फुगणाऱ्या मातीचं) सील, तोंडाला कुलूप. जाळी कुठून कुठवर ठेवायची यावर गाडीवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, पाणी तर खाली लागलंय. वरपर्यंत जाळी कशाला वाया घालवता?” त्याला सांगितलं की तेल पाण्याच्या माथ्यावर असतं आणि माथा पावसाळ्यात पाच-सहा मीटर वर येतो. जाळी तेवढ्या उंचीपर्यंत नसेल तर पाणी पाइपच्या बंद भागात चढेल, बाहेरचं तेल आत यायला वाटच राहणार नाही, आणि आपण ‘तेल नाही’ असं लिहून मोकळे होऊ. पटलं त्याला. पुढच्या विहिरींना त्यानं स्वतःहून विचारून जाळी लावली.

१३ मे

विहिरी बांधून झाल्यावर उपसून शांत होऊ दिल्या होत्या. आज मोजमाप. इंटरफेस मीटरचा आवाज तेल लागलं की अखंड वाजतो, पाणी लागलं की तुटक. डीजी शेडच्या खालच्या अंगाच्या विहिरीत साधारण सात मीटरवर अखंड आवाज आला आणि चार बोटं खाली जाऊन तुटक झाला. पारदर्शक बेलर (पाणी काढायची नळी) हळूच सोडून वर काढला: वर चहाच्या रंगाचं तेल, खाली गढूळ पाणी, मध्ये स्पष्ट रेघ.

हा थर पाहून विकसकाकडचे अभियंते लगेच गुणाकार करू लागले: एवढी जाडी गुणिले एवढं क्षेत्रफळ बरोबर इतके लिटर. तो हिशोब इथे चालत नाही. विहीर म्हणजे मोठी पोकळी. बारीक भेगांतलं तेल तिच्यात येऊन साचतं, त्यामुळे विहिरीतली जाडी खडकातल्या थरापेक्षा जास्त भरते. पातळी खाली गेली की ती आणखी वाढते. विहिरीतल्या तेलावरून साठा काढायचा तर तेल उपसून ते परत किती वेगानं भरतं हे पाहावं लागेल. ती चाचणी पुढच्या आठवड्यात ठेवली आहे.

इतर विहिरींतून नमुने घेतले. पंप मंद, लिटरभर पाण्याला काही मिनिटं लागतील इतका. तापमान, सामू, विद्राव्य ऑक्सिजन स्थिर होईपर्यंत थांबायचं. उडणाऱ्या घटकांसाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, आत आम्ल आधीच घातलेलं. तोंडापर्यंत भरायच्या, झाकण लावून उलट्या करून टिचकी मारायची. एक बुडबुडा दिसला तरी ती कुपी बाद. मग बर्फात. सोबत प्रयोगशाळेतूनच भरून आलेली शुद्ध पाण्याची कुपी, जी जागेवर उघडत नाहीत, आणि एका विहिरीचा दुहेरी नमुना वेगळ्या क्रमांकानं. कुठल्या कुपीला कोणी, कधी हात लावला याचा कागद पेटीतच.

विहिरींच्या तोंडांची उंची सर्वेक्षणाच्या दुर्बिणीनं, ऑटो लेव्हलनं, घेतली. पातळ्यांवरून पाण्याचा उतार नदीकडे दिसतो. पण सांध्या नदीकडेच जातात असं नाही, काही वायव्येकडे तिरक्या आहेत. आणि वायव्येला वस्ती आहे.

१५ मे

वस्तीतली आड-विहीर. दगडी बांधकाम, आत पिंपळाचं रोप, रहाट गेला आणि त्या जागी छोटी मोटर. शहरात २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे नळ असला तरी भांडी-धुण्याला बायका हेच पाणी वापरतात. विहिरीशेजारी राहणाऱ्या आजींना विचारलं की पाण्याला कधी वास येतो का.

“होळी झाली की येतो. घासलेटावानी. पाऊस पडला की जातो. म्हणून मी चैत-वैशाखात ह्या पाण्यात डाळ शिजवीत न्हाई.”

आमच्या दोन ऋतूंच्या आग्रहाला याहून बळकट आधार कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. आजींचं म्हणणं महिन्यांसकट नोंदवून घेतलं. अहवालात ते निरीक्षण म्हणूनच जाणार, परिशिष्टात नाही.

पाण्यावर एका कोपऱ्यात रंगीत तवंग होता. सोबतची मुलगी लगेच म्हणाली, तेल. तिला काठी दिली. काठीनं तवंग हलवला तर त्याचे पापडासारखे तुकडे झाले आणि तुकडे तसेच तरंगत राहिले. तेल असतं तर फाटून पुन्हा एकत्र आलं असतं. हा तवंग लोहजीवाणूंचा. पण म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही. उलट, इतकं लोह पाण्यात विरघळलं कशामुळे हा पुढचा प्रश्न. खाली ऑक्सिजन संपला असेल तर लोह विरघळतं, आणि ऑक्सिजन कोणी संपवला? तेल खाणारे जीवाणूही तेच करतात. विहिरीचेही नमुने घेतले, नायट्रेट आणि लोहासह.

आजींना आणि तिथे जमलेल्यांना सांगितलं की निकाल येईपर्यंत पिण्याला, स्वयंपाकाला आणि लहान लेकरांच्या अंघोळीला हे पाणी घेऊ नका. निकालाआधी असं सांगू नये असा एक मतप्रवाह आमच्या व्यवसायात आहे. मला तो मान्य नाही. नमुना प्रयोगशाळेत असताना हंडा भरतच असतो.

२७ मे

मोसमी पाऊस काल पुणे-मुंबईत पोहोचला. मे महिन्यात! त्याआधीचा आठवडाही वळवाच्या धो धो पावसात गेला. तेल परत भरण्याची चाचणी राहिली. चर पाण्यानं भरले. उन्हाळी नमुने मेच्या अखेरीस घ्यायचा मूळ बेत होता. तो आधी ओढला म्हणून यंदाची कोरड्या ऋतूची नोंद हातात आहे. पुढल्या वर्षांसाठी लिहून ठेवते: उन्हाळी फेरी एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकायची.

डीजी शेडजवळच्या विहिरीची पातळी चढू लागली आहे. तेलाचा थर आजच निम्म्यावर.

१८ जून

निकाल आले. शुद्ध पाण्याची कुपी स्वच्छ, ड्रिलिंगचं पाणी स्वच्छ, दुहेरी नमुना जुळतो. म्हणजे आकड्यांवर विसंबता येईल.

क्रोमॅटोग्राम, म्हणजे तेलातले घटक वेगवेगळ्या शिखरांनी दाखवणारे आलेख, मागवून घेतले होते, नुसते आकडे नकोत म्हणून. डिझेलची ओळखीची शिखरांची रांग दिसते, पण सरळ साखळीची शिखरं खुजी झाली आहेत आणि त्यांच्या शेजारची फांद्यांच्या साखळीची, प्रिस्टेन आणि फायटेन, ताठ उभी आहेत. जीवाणू सरळ साखळी आधी खातात. म्हणजे हे तेल जुनं आहे, शेजारच्या कुणा टँकरनं परवा सांडलेलं नाही. जबाबदारी ठरवताना हा कागद लागेल.

मातीच्या आकड्यांची तुलना कशाशी करायची? पेट्रोलियमसाठी आपल्याकडे जमिनीची स्वतंत्र मानकं रूढ नाहीत, त्यामुळे बरेचजण डच आकडे घेतात: खनिज तेलासाठी किलोमागे ५००० मिलिग्रॅमला हस्तक्षेपाची पातळी. पण तो आकडा दहा टक्के सेंद्रिय अंश असलेल्या प्रमाण मातीसाठी आहे. सेंद्रिय अंश कमी असेल तर तो त्या प्रमाणात खाली आणायचा असतो, दोन टक्क्यांच्या तळापर्यंत. आपल्या मुरमात सेंद्रिय अंश नावालाच. म्हणजे लागू पडणारा आकडा १००० मिलिग्रॅम, पाच हजार नव्हे. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी अहवालांत ही दुरुस्ती नसते आणि त्यावर जमिनी स्वच्छ ठरतात. इथे डीजी शेडजवळचा मुरूम पाच हजाराच्या आत बसतो, हजाराच्या आत बसत नाही. हा फरक अहवालात ठळक मांडणार.

पाण्याचं: पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम. टाकीच्या खालच्या अंगाच्या दोन विहिरी त्याच्या वर. बेंझीन जवळजवळ नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या पातळीच्या बरंच खाली. डिझेलमध्ये मुळात ते थोडंच, आणि पाण्यात सगळ्यात आधी तेच धुऊन जातं. डिझेलमधले दुसरे घटक, नॅफ्थलीन आणि झायलीन, मात्र आहेत. ट्राय कुठेही नाही. जीव भांड्यात पडला, कारण तो कातळात सापडला असता तर पुढचं काम कैक पटींनी अवघड होतं.

वस्तीची विहीर: खनिज तेल मर्यादेच्या आत, पण नॅफ्थलीनची खूण स्पष्ट. आणि नायट्रेट जवळजवळ शून्य. वरच्या अंगाच्या विहिरीत, टाक्यांच्या आधी, नायट्रेट भरपूर आहे. शहराखालच्या पाण्यात ते असतंच. वाटेत ते गेलं कुठे? ऑक्सिजन संपल्यावर जीवाणू नायट्रेट वापरतात, मग लोह, मग सल्फेट. वरच्या विहिरीपासून वस्तीपर्यंत हा क्रम पायरी-पायरीनं दिसतो. तेलाचा आकडा लहान असला तरी त्याची वाट या क्रमानं उघडी पडली आहे. वायव्येकडच्या त्या तिरक्या सांध्या पुन्हा नकाशावर काढल्या.

३० जुलै

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम या महिन्यात अधिसूचित केले. संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाकडून, मग राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून ठरावीक मुदतीत प्राथमिक तपासणी आणि तिच्यानंतर सविस्तर, स्वच्छतेचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून. आजवर अशा जुन्या कारखान्यांच्या जागा कोणाच्याच खात्यात नीट बसत नव्हत्या; कारखाना चालू असेपर्यंत संमतीपत्र असायचं, बंद पडला की फाइल बंद. आता निदान विचारायला जागा झाली. आपली जागा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावी असं विकसकाला लेखी दिलं. तोंडी सांगून भागणार नाही.

९ सप्टेंबर

पावसाळी फेरी. पाणी दीड-दोन मीटरवर आलेलं. डीजी शेडच्या विहिरीत मीटर सोडला: पहिल्यापासून तुटक आवाज. तेल नाही. बेलरमध्ये नितळ पाणी.

विकसकाचे प्रतिनिधी शेजारी उभे होते. “म्हणजे गेलं ना मॅडम?”

गेलं नाही. मे महिन्यात पाण्याचा माथा सात मीटरवर होता आणि तेल त्याच्यावर तरंगत होतं. पाणी चढलं तसं ते तेलाच्या बाजूनं, त्याच्याखालून, त्याच्यावरून गेलं, आणि तेल बारीक भेगांत थेंबाथेंबानं अडकून पाण्याखाली राहिलं. वाहून विहिरीत येण्याइतकं ते सलग उरलेलं नाही. होळीनंतर पाणी उतरेल तसं ते पुन्हा सुटेल. दरवर्षी हे वर-खाली होताना पाच मीटर जाडीचा खडक तेलानं माखला गेला आहे. आधीचा अहवाल सप्टेंबरचाच होता. त्यांनी खोल विहिरी खणल्या असत्या तरी त्यांना तेल दिसलं नसतं.

मे आणि सप्टेंबरचा जमिनीचा उभा छेद एकाच कागदावर काढून त्यांच्या हातात दिला. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, “तळघराचं काय होईल?” पहिल्यांदाच नेमका प्रश्न आला.

१४ नोव्हेंबर

टाकी काढली. आधी उरलेलं तेल-पाणी उपसलं, मग नायट्रोजन सोडला. स्फोटक पातळीचा मीटर तोंडाशी, मधे आणि तळाशी लावून, सक्षम व्यक्तीचं वायुमुक्त असल्याचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच क्रेन.

टाकी उलटी केली. बाहेरून गंज सगळीकडे होता, पण भोक एकच, रुपयाच्या नाण्याएवढं. त्याच्या कडा आतून झिजून पातळ झालेल्या. वर पाहिलं तर बरोबर त्याच रेषेत डिप पाइप. वर्षानुवर्षं रोज सकाळी डिप रॉडचं टोक तळाच्या त्याच ठिकाणी आपटलं, रंग गेला, पत्रा घासला, तळाचं पाणी तिथे बसलं आणि गंज आरपार गेला. नव्या टाक्यांत याच कारणासाठी पाइपखाली जाड पट्टी बसवतात. काका बघायला आले होते. त्यांनी भोकाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “वॉचमन बिचारा फुकट गेला.” त्या माणसाला कामावरून काढलं होतं, हे आज कळलं.

खड्ड्याच्या तळाचे आणि चारी बाजूंचे नमुने घेतले. तळाचा मुरूम करडा, वास उग्र.

२० नोव्हेंबर

अहवालाचा मसुदा गेला. त्यात ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त पानं खर्च केली ती भूजलाची नव्हे, खोदाईची.

या भागात तळघराचा मुरूम खणला की तो तिथे राहत नाही. डंपर भरून दुसऱ्या साइटवर भरावाला जातो, कुणाच्या रस्त्याखाली, कुणाच्या शाळेच्या मैदानात. आणि खड्ड्यात साचणारं पाणी चोवीस तास पंपानं उपसून पावसाळी गटारात सोडतात. गटार पवनेला मिळतं. दोन मजली तळघर खणलं तर मे महिन्यात तो खड्डा आजूबाजूचं सगळं पाणी आणि त्यासोबत भेगांतलं तेल स्वतःकडे ओढेल. म्हणजे इतकी वर्षं अर्ध्या एकराखाली राहिलेलं तेल दोन महिन्यांत नदीत, गावभर आणि खड्ड्यात उतरलेल्या मजुरांच्या फुप्फुसांत. इमारतीत पुढे राहायला येणाऱ्यांचा धोका त्या मानानं कमी आहे: डिझेलची वाफ थोडी, आणि मुरमात ऑक्सिजन पोहोचत असेल तर जीवाणू ती वाटेतच संपवतात.

म्हणून मागितलेलं असं. डीजी शेडच्या बाजूला तळघर नको, पार्किंग जमिनीवर. दूषित मुरूम जागेबाहेर जाणार नाही. जाड प्लास्टिकवर ढीग, वर झाकण, आत हवेच्या नळ्या आणि खत-पाणी देऊन जीवाणूंकडून साफ करायचा, किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या खाली आल्याशिवाय भरावाला वापरायचा नाही. उपसलेलं पाणी तेल वेगळं काढून, तपासून मगच सोडायचं. खडकातल्या तेलासाठी उन्हाळ्यात, पातळी उतरल्यावर, वरचं तेल खेचायचे पंप आणि पाण्याच्या वरच्या कोरड्या भागात हवा खेळवायची. पावसाळ्यात ते पंप चालवणं म्हणजे विजेचं बिल भरणं. आणि वस्तीला विकसकाच्या खर्चानं नळाची जादा जोडणी, ती होईपर्यंत टँकर.

शेवटच्या मागणीवर कुरकुर झाली की विहिरीतलं तेल मर्यादेच्या आत आहे. त्यांना जूनचं नायट्रेट-लोहाचं कोष्टक आणि आजींनी सांगितलेले महिने शेजारी-शेजारी दाखवले. टँकरला आज मान्यता मिळाली, सोमवारपासून. जोडणीचा अर्ज महापालिकेत दाखल करायचा आहे, त्याची प्रत मला हवी असं कळवलं.

पुढची फेरी एप्रिल २०२६ च्या अखेरीस. मे महिन्यात राहिलेली तेल परत भरण्याची चाचणी तेव्हा सगळ्यात आधी घ्यायची, पाऊस पुन्हा लवकर आला तरी हातची जाऊ नये म्हणून. वायव्येला, कारखान्याचं कुंपण आणि वस्ती यांच्या मधे, आणखी एक निरीक्षण विहीर हवी. जागा पायवाटेच्या कडेला आहे, महापालिकेची परवानगी लागेल. पत्र तयार आहे.